लिंबापर्यंत खाली

चाळिशीला दोन वर्षं उरली असताना मी उभ्याने वाकून स्वतःच्या पायाचे अंगठे धरायला गेले, तर हात नडगीच्या मध्यावरच थांबले. पुढे जायला तयारच नाहीत! मी म्हैसूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. शाळेत बसून पेपर तपासायचे, स्कूटरवर बसून सरस्वतीपुरमला घरी यायचे आणि घरी येऊन पुन्हा बसायचे. एवढं बसूनही मला जसं बसायला हवं होतं तसं बसता येत नव्हतं, आणि आमच्या घराचा मान नेमका त्यावरच अडकला होता.

त्याचं असं झालं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. त्यांच्याकडून आमच्यापर्यंत दोन गोष्टी आल्या: निम्मी कानडी मिसळलेली मराठी आणि एक दांडपट्टा. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ, आणि पुढे लांबलचक, लवणारं पातं. खंडेनवमीला सगळं गाव स्कूटरींना कुंकू लावतं आणि दारात कोहळे फोडतं. आमच्यात पट्टा ज्याच्या घरी असेल त्याने त्या दिवशी भाऊबंदांसमोर जमिनीवर ठेवलेलं लिंबू कापायचं.

सोपं वाटतं ना? नाही हो. पातं जमिनीलगत आडवं फिरलं तरच लिंबू कापतं. वरून मारलं की ते नुसतं घरंगळतं. म्हणजे एक पाय गुडघ्यात वाकवून पुढे, दुसरा पूर्ण ताणून मागे, आणि कंबर जमिनीपासून वीतभर. मोकळा हात टेकायचा नाही. तीनदा मारता येतं. नाही जमलं तर त्या घराला एक वर्षाची मुदत. पुढच्या खंडेनवमीला घरातल्या दुसऱ्या कुणी कापलं तर ठीक, नाहीतर पट्टा दुसऱ्या घरी.

त्या वर्षी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नाही जमलं. सत्तरीचे गुडघे. तिन्ही वेळा लिंबू घरंगळलं, तिसऱ्यांदा तर कपाटाखाली गेलं आणि आईला ते झाडूने ओढून काढावं लागलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पट्टा आता मंडी मोहल्ल्यातल्या माझ्या चुलतभावाकडे जाणार हे सगळे धरूनच चालले होते. त्याचं तिथे विजेच्या सामानाचं दुकान. माणूस वाईट नाही. पण तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुम्ने, उगाच कशाला अप्पांना त्रास? मी काचेची पेटी करून दुकानात लावतो की. गिऱ्हाईकं बघतील."

मिक्सर आणि इस्त्र्यांच्या मधे आमचा पट्टा! माझं डोकंच फिरलं.

"दादा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पुढच्या वर्षी लिंबू मी कापणार."

बायकांनी कापायचं नाही असं आमच्यात कुणी कधी म्हटलं नव्हतं, कारण कापते असं म्हणणारी बाई कधी निघालीच नव्हती. मी एकुलती एक मुलगी, लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. मग घरातली दुसरी कोण, मीच ना? भाऊबंद एकमेकांची तोंडं बघत राहिले. अप्पा मात्र एकदम ताठ झाले आणि म्हणाले, "कापेल. तिच्या अंगात फौजेचं रक्त आहे."

हे रक्ताचं प्रकरण पुढे मला चांगलंच महागात पडलं. मनगट फिरवायला मी महिन्याभरात शिकले, पण कंबर काही खाली जाईना. अप्पांच्या मते फौजवाल्यांच्या मांड्या जन्मतःच मोकळ्या असतात. जात नाही खाली, म्हणजे पोर भिते. लहानपणी ते गरडीत जायचे, गरडी म्हणजे इथली तालीम. तिथे वस्ताद पोरांना तळव्याला तळवा लावून बसवायचे आणि मांड्यांवर चक्क उभे राहायचे. मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी, नुकतीच उठून चहासुद्धा न घेतलेल्या मला अप्पांनी तसंच बसवलं आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून सगळं वजन टाकलं.

"अप्पा, साकु! बस झालं!"

"अजून थोडं. भिऊ नकोस."

जांघेत काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं झालं. मी अशी किंचाळले की समोरचे पेन्शनर पेपर टाकून गेटपाशी आले. दहा दिवस मी भिंत धरून चालत होते. अप्पांचा मला इतका राग आला होता की त्यांच्याशी बोलायचं टाळत होते. ते रोज सकाळी तव्यावर मीठ गरम करायचे, फडक्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी माझ्या दाराशी ठेवून निघून जायचे. दुखलं का, असं एका शब्दाने विचारलं नाही. मी शेक घ्यायचे आणि मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडायचे.

शाळा सुरू झाली तेव्हा मी अजून लंगडत होते. संध्याकाळी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये एक सर मुलांना कराटे शिकवायचे. किडकिडीत, चष्मेवाले, बघून वाटायचं पोस्टात असतील. पण पाय उचलला की सरळ कानाच्या वर! मला लंगडताना बघून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, थंड अंगाला ओढतात का कुणी? आणि दुसऱ्याच्या वजनाने?"

जखम पूर्ण बरी होऊ दिली आणि जुलैपासून मी त्यांच्या मुलांच्या मागच्या रांगेत उभी राहू लागले. आधी दहा मिनिटं जागच्या जागी पळायचं, अंगाला घाम फुटू द्यायचा. मग पाय ताणायचा, जिथे ओढ लागेल तिथे थांबायचं, हिसके द्यायचे नाहीत, आणि सावकाश श्वास सोडायचा. तीस मोजेपर्यंत तसंच. मांडीच्या मांसात ओढ बसली तर चालेल, सांध्यात टोचलं तर लगेच सोडायचं. मला तर घाईची जन्मजात खोड. पहिल्या आठवड्यात सर माझ्या शेजारी उभे राहून नुसतं "मॅडम, श्वास" एवढंच म्हणत होते.

घरी गच्चीवर मी तेच करायचे. एका संध्याकाळी अप्पा वर आले, शेजारी सतरंजी टाकली आणि माझं बघून पाय लांब केले. मी म्हटलं, "आधी अंग गरम करा." ते उठले आणि गच्चीला फेऱ्या मारू लागले, मुकाट्याने! पुढे रोजच येऊ लागले. मी मोटरसायकलच्या आवाजात श्वास सोडते असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या गुडघ्यांच्या कटकटीने कावळे उडतात असं मी. त्या मे महिन्याचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. ऑगस्टात माझी कंबर दोन विती वर होती, गौरीगणपतीला दीड वीत. मग दोन आठवडे तिथेच अडून बसली आणि माझा जीव टांगणीला.

खंडेनवमीला आमचा हॉल माणसांनी गच्च भरला. चुलतभाऊ सगळ्यात पुढे. मी आत दहा मिनिटं पळून घामाघूम होऊन आले, तर एक आत्या म्हणाली, "अय्यो, ताप आला की काय हिला!"

पहिल्या वेळी मी घाई केली. लिंबू घरंगळून चुलतभावाच्या पायाशी गेलं. त्याने उचलून जागेवर ठेवलं. दुसऱ्या वेळी पात्याने साल तेवढी निघाली. आता एकच. अप्पांकडे बघायची हिंमत झाली नाही. मी पाय मागे सरकवला, थांबले, श्वास सोडला. अजून थोडी खाली. परत सोडला. कुणीतरी खोकलं. कंबर वीतभरावर आल्याचं मला कळलं आणि मी मनगट फिरवलं.

लिंबू जागेवरच होतं. मला वाटलं, गेलं. मग वरची फाक हळूच घसरून खाली पडली. चुलतभाऊच पहिल्यांदा ओरडला, "कापलं! हिने कापलं!" आणि मग जो गलका झाला! मला रडू आलं आणि पुसायला एकच हात मोकळा.

आमच्यात लिंबू कापणाऱ्याच्या हातात पट्टा असेपर्यंत घरातले सगळे त्याच्या पाया पडतात, लहान असो की मोठं. अप्पा पुढे आले.

"अप्पा, तुम्ही नको," मी म्हटलं.

"तुझ्या नाही, पट्ट्याच्या पडतोय," ते म्हणाले. त्यांनी सावकाश श्वास सोडला आणि गुडघे न वाकवता खाली वाकले. बोटं माझ्या पावलांना लागली. उठलेच नाहीत. गलका चालूच होता, त्यात फक्त मलाच ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, "तेव्हा फार दुखलं होतं का गं?"

"हो अप्पा," मी म्हटलं. "फार."