ताईच्या डोहाळ्यांची मोटार

माझी नात लग्नानंतर नवऱ्याबरोबर परदेशातल्या कुठल्याशा बेटावर हिंडून आली. तिकडे म्हणे मोटार भाड्यानं मिळते. ड्रायव्हर नाही, काही नाही. किल्ली हातात ठेवतात आणि म्हणतात, जा, समुद्राच्या कडेकडेनं हिंडा. फोटो दाखवता दाखवता तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी घेतली होती का हो अशी गाडी भाड्यानं?" मी म्हटलं, "एकदा." तिला वाटलं म्हातारा थापा मारतोय. हसली आणि पुढचा फोटो दाखवायला लागली. बरंच झालं, कारण मला ते तोंडानं सांगता आलं नसतं. लिहून बघतो.

आमचं घर बदलापूरला, मांजर्लीत, नदीच्या अंगाला. घरची थोडी भातशेती. वडील लवकर गेलेले, त्यामुळे घरात आईचा शब्द शेवटचा. मी अंबरनाथला एका कारखान्यात लॉरी चालवत होतो. वय बावीस, आणि स्टिअरिंग हातात आल्यापासून मला वाटायला लागलं होतं की जगात दोनच प्रकारची माणसं, गाडी चालवणारी आणि गाडीत बसणारी. असा शहाणा!

माझी मोठी बहीण भुसावळला दिली होती. मेव्हणे रेल्वेत. तिची आधीची दोन तिसऱ्या महिन्यातच गेली. दुसऱ्या खेपेला ती महिनाभर भिंतीकडे तोंड करून निजून होती, असं मेव्हण्यांनी मला रडत सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलेना, उगाच दृष्ट लागायची. पण हे टिकलं. सातव्यात ताई माहेरी आली आणि आईनं डोहाळजेवण घातलं. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, आळीतल्या सगळ्या बाया जमलेल्या. कुणीतरी विचारलं, "काय गं, कसले डोहाळे लागलेत? आंबट की गोड?" ताई लाजत म्हणाली, "मोटारीत बसावंसं वाटतं. पुढच्या सीटवर."

बाया हसून हसून लोळल्या. "अगो बया, राणीसायब जन्माला येतेय!" असं म्हणून एकीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आई मात्र हसली नाही. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कान फुटतो, हे तिच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं खरं होतं. शिवाय दोन गेलेली. या खेपेला तिला कुठेच काही उणं राहू द्यायचं नव्हतं. रात्री भाकरी वाढताना मला म्हणाली, "तू मोटार चालवतोस ना? मग आण कुठनंतरी."

मोटार म्हणजे काय भोपळा होता वेलीवरचा? अख्ख्या मांजर्लीत कुणाकडे मोटार नव्हती. पण कॅम्पात होती. कॅम्पाला उल्हासनगर म्हणायला लागून चार-पाच वर्षं झाली होती, तरी आम्ही कॅम्पच म्हणायचो. तिथे एका सिंधी माणसाचं गॅरेज होतं. लष्कराच्या लिलावातली एक जुनी टपाची गाडी त्यानं स्वतः खपून उभी केली होती आणि लग्नाला, वरातीला भाड्यानं द्यायचा. मी गेलो तर गाडी दीड महिना लग्नांत अडकलेली. मिळाली तेव्हा ताईला नववा लागला होता.

"साईं, मेरा आदमी चलायेगा," तो म्हणाला. "तुम आराम से बैठो."

मला राग आला. म्हटलं, "मी तीन टनी लॉरी चालवतो. ही खेळण्यातली गाडी काय चालवता येणार नाही मला?" बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्यानं मला गाडीभोवती फिरवलं. इथे पोचा आहे, तो आधीचा, इथे रंग उडालाय, तो पण आधीचा, आणि रिव्हर्स टाकलास की दांडा हातानं धरून ठेव, नाहीतर सुटतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीआधी गाडी परत. पेट्रोल माझं. मी सगळ्याला हो म्हटलं आणि हँडल मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पुढच्या सीटवर बसली, आई मागे, मांडीवर नारळ आणि खणाचं ताट घेऊन. अंबरनाथला शिवमंदिरात ओटी भरून परत यायचं, एवढंच ठरलं होतं. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, मी ते चिरडलं आणि निघालो. रस्ता मातीचा, भात वाहणाऱ्या बैलगाड्यांनी चाकोऱ्या पडलेल्या. मी लॉरी विसरून इतकी हळू गाडी चालवली की दोन सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. ताई तेव्हा काय हसली! तिनं काचेबाहेर हात काढला होता. शेतात कुणी दिसलं की हात हलवायची, ओळखीचं असो नसो. तिला इतकी खूश मी लग्नातही पाहिली नव्हती.

देवळात ओटी झाली. ताई पाया पडून उठली ती कमरेवर हात ठेवूनच. "काय झालं गं?" आईनं विचारलं. "काही नाही, बसून अवघडले." आम्ही गाडीत बसलो. आणि इथे माझी अक्कल शेण खायला गेली. मला कारखान्याच्या दारावरून गाडी न्यायची होती. सकाळची पाळी सुटत होती, सगळे दोस्त बाहेर पडणार होते. त्यांनी मला बघायला हवं होतं ना! नेली. भोंगा वाजवला. त्यांनी शिट्या मारल्या. मी छाती फुगवून वळलो, तेवढ्यात ताईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

"कळ आली," ती म्हणाली. "मघापासून येतेय."

मी गाडी कडेला घेतली. तिचा चेहरा घामानं निथळत होता. आई मागून पुढे झुकली, तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "घरी चल. सुईणीला बोलवू."

तिथे रस्त्याला दोन फाटे होते. डावीकडे कॅम्प, सरकारी दवाखाना दहा मिनिटांवर. कारखान्याची जखमी माणसं मी स्वतः लॉरीतून तिथे पोचवली होती, दार कुठे आणि डॉक्टर कुठे बसतो ते मला पाठ होतं. उजवीकडे बदलापूर, मघाच्याच चाकोऱ्या, मध्ये रेल्वेचं फाटक.

ताई म्हणाली, "मला दवाखान्यात ने. हे काहीतरी वेगळं आहे."

"दवाखान्यात?" आई कडाडली. "माहेरचं घर असताना माझी लेक कॅम्पात बाळंत होणार? परक्या पुरुषाच्या हातनं? तिच्या सासरी काय तोंड दाखवू मी? तुम्ही सगळी त्याच सुईणीच्या हातनं झालात, मेलात का?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. हळू, पण अगदी स्पष्ट म्हणाली, "अरे, दवाखान्यात ने मला."

मी गाडी उजवीकडे वळवली.

आईच्या शब्दाबाहेर नव्हतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मला डॉक्टरची भीती वाटली. नववा लागलेल्या बाईला मोटारीत घालून कुणी हिंडवलं, असं तो विचारणार आणि मी सगळ्यांसमोर मान खाली घालणार. घरी गेलो तर सुईण सांभाळून घेईल, बाळ होईल, कुणी काही बोलणार नाही. बावीस वर्षांच्या घोड्याला स्वतःच्या इभ्रतीची पडली होती. लाज वाटते लिहायला.

येताना मला गाडी हळू हाकता येईना आणि जोरातही हाकता येईना. ताई ओरडत नव्हती, ओठ चावत होती, ते जास्त वाईट होतं. बदलापूरचं फाटक बंद. मालगाडी आली, डबे संपेचनात. मी भोंगा वाजवत सुटलो. फाटकवाला म्हणाला, "ओ, गाडीला ऐकू जात नाही." त्याच्या अंगावर धावून गेलो मी. त्याची काय चूक होती?

सुईण म्हातारी, हाताला गुण होता तिच्या, उगाच नावं ठेवणार नाही. संध्याकाळी आली, आत गेली. मी अंगणात मोटारीच्या पायरीवर बसून होतो. दिवेलागण झाली, गाडी परत द्यायची वेळ टळून गेली, माझ्या लक्षातही आलं नाही. उजाडताना म्हातारी बाहेर आली. दोन्ही हात पुसत म्हणाली, "पोर आडवं हाय. माझ्यानं होईना. दवाखान्यात न्या." आई तिच्यामागे उभी होती. आईच्या पदरावर रक्त होतं.

मग नेली. त्याच गाडीतून, त्याच रस्त्यानं, मागच्या सीटवर आडवी घालून. या वेळी मी डावी-उजवी काही बघितली नाही.

ताई वाचली. मुलगा होता. चांगला भरला होता, डोक्यावर दाट केस होते. मी पाहिला, कारण पुरायला मीच नेला. डॉक्टर तरुण होता. मीच त्याला विचारलं, मोटारीच्या हिसक्यांनी झालं का? मला वाटतं, त्यानं हो म्हणावं अशीच माझी इच्छा होती. तो म्हणाला, "मोटारीचा काय संबंध? बाळ आडवं होतं, ते आधीपासूनच. काल कळा सुरू झाल्या तेव्हा आणलं असतं तर पोट उघडून काढलं असतं. दोघं धडधाकट घरी गेली असती." मग त्यानं सांगितलं की आता तिला पुन्हा मूल व्हायचं नाही.

गाडी परत करायला गेलो तर गॅरेजवाला दारातच उभा. चार शिव्या घालील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यानं मागची सीट बघितली आणि विचारलं, "बहन?" मी सांगितलं. तो मटकन खाली बसला. "अरे, दवाखाना तो यहीं पीछे है, साईं. यहीं तो था." उशिराबद्दल तो काहीच बोलला नाही. बादली भरून आणली आणि माझ्याबरोबर सीट धुवायला लागला. मी नको नको म्हणत होतो, तो ऐकेना.

सव्वा महिन्यानं ताई सासरी जायला निघाली. मेव्हणे न्यायला आले होते, आईशी आत बोलत होते. ट्रंक बांधताना ताईनं मला हाक मारली. ती वाळून अर्धी झाली होती. दोरीची गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मी तुला दोनदा म्हटलं, दवाखान्यात ने. तुला ऐकू आलं होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही गं ताई. इंजिनाचा आवाज केवढा होता."

तिनं वर बघितलं. डोळे भरले होते, पण चेहरा एकदम मोकळा झाला. "तरीच," ती म्हणाली. "इतके दिवस हेच मनाला खात होतं. म्हटलं, ऐकलं असतं तर यानं नेलंच असतं." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोरी ओढून घट्ट केली.

पुढे तीस वर्षं तिनं मला भाऊबीजेला ओवाळलं. माझ्या पोरांना न्हाऊमाखू घातलं, त्यांचे लाड केले, सुट्टीला भुसावळला नेलं. आणि दर वेळी शेजारपाजारच्या बाया जमल्या की ताट हातात धरून सांगायची, "माझा भाऊ माझा शब्द कधी खाली पडू देत नाही." मी पाटावर बसून ते ऐकायचो.