पुण्याहून आलेलं बाशिंग

पोळ्याच्या मिरवणुकीत थाँग बांधून गेलेला आमच्या तालुक्यातला पहिला बैल आमचा. दुसरा अजून झालेला नाही.

थाँग म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हसू आवरावं. ज्यांना नाही त्यांनी थोडा धीर धरावा. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मला पुष्कळच गोष्टी माहीत नव्हत्या, पण आपल्याला सगळं कळतं हे मात्र पक्कं ठाऊक होतं. नुकतीच सासू झाले होते ना! (नवी सासू आणि नवा फौजदार यांच्यात फरक एवढाच, की सासूची बदली होत नाही.)

तीर्थपुरीपासून थोडं आत आमचं गाव. पोळ्याला आमच्याकडे बैलांचं लग्न लागतं, म्हणून त्यांच्या कपाळाला बाशिंग बांधतात. त्या दुपारी मी माळ्यावरचा डबा उघडला, तर पाखऱ्याचं बाशिंग शाबूत आणि मोत्याचं उंदरानं कुरतडलेलं. आमचे हे ओढ्यावर बैल धुवायला गेले होते, दुकानं बंद, आणि वेशीच्या तोरणाखाली पहिला मान आमच्या जोडीचा. बोडक्या कपाळाचा नवरदेव पुढं केला असता, तर भावकीनं वर्षभर चघळलं असतं.

माझा मुलगा आणि सूनबाई श्रुती लग्नानंतर पहिल्यांदाच पोळ्याला गावी आले होते. सूनबाई आत पुरण वाटत होती आणि तिची बॅग माझ्या खोलीत होती. सुनेच्या बॅगेत हात घालणं हा सासूचा हक्क, असं मी त्या काळी मानायची. (सकाळपासून दोनदा बजावूनही झाला होता.) तिसऱ्या खेपेला तळाशी एक छोटी पिशवी हाताला लागली. आत लालभडक, जाळीदार, तळहाताएवढं तिकोनी कापड. काठाला सोनेरी मणी. तिन्ही कोपऱ्यांतून निघालेल्या नाड्या मागं एकत्र आलेल्या. दोन शिंगांत अडकवायच्या, तिसरी मधून मागं न्यायची, हे माझ्यासारख्या हुशार बाईला कुणी सांगायची गरजच नव्हती. नाड्याही ताणणाऱ्या, म्हणजे शिंगं कितीही रुंद असोत.

मला भरून आलं. शहरातली पोरगी, पण पोळ्याचं ध्यान ठेवून बैलाचं बाशिंग घेऊन आली. बैल दोन आणि बाशिंग एकच कसं, हा प्रश्न मला पडला नाही. हुशार माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

मोत्याला ते बरोब्बर बसलं. हे म्हणाले, "येगळंच दिसून राह्यलंय."

"पुण्याचं हाय," मी म्हटलं. विषय संपला.

वेशीपर्यंत मी बैलांच्या पुढं अशी चालले, की जणू माझंच लग्न आहे. दिसेल त्या बाईला थांबवून सांगत होते, सूनबाईनं पुण्याहून खास आणलंय. सरपंचाच्या बायकोनं ते दोन बोटांत धरून चोळून पाहिलं आणि धुता येतं का विचारलं. दोघींनी पुढच्या पोळ्यासाठी चार-चार सांगून ठेवली. पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. मोत्या तेवढा सारखी मान झटकत होता. मला वाटलं, कौतुकानं लाजतोय.

तेवढ्यात सूनबाई ओवाळणीचं ताट घेऊन आली. आधी पाखऱ्याला ओवाळलं. मोत्यापुढं आली, वर पाहिलं आणि ताटातला दिवा विझला.

"आई," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ते काढा."

"काहून?"

"ते बैलाचं नाही."

"मंग कुणाचं?"

"माझं."

"तू कपाळाला बांधतीस?"

तिनं कुठं बांधतात ते सांगितलं. मी मोत्याकडे पाहिलं. मग सरपंचाच्या बायकोच्या दोन बोटांकडे पाहिलं.

मी यांच्या बाहीला धरून ते काढा म्हणाले, तर हे भडकले. लग्न लागायच्या आत नवरदेवाचं बाशिंग उतरवतात का कधी? तिकडं मंगलाष्टकं सुरू झाली होती. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, हे कुणाला कळलं तर मी या गावात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मी म्हटलं, गप राह्य, इथं कुणाला काय कळतंय.

मी आत्याबाईंना विसरले होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारीचा कासोटा आवळून वेशीच्या ओट्यावर बसलेल्या. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या आणि त्या शांततेत त्यांचा खणखणीत आवाज आला.

"अगं, ही तर लंगोटी हाय! तुझा सासरा तालमीत असलीच घालायचा. पुढून झाकलेली, मागून मोकळी. त्याची मांजरपाटाची व्हती, हिला जाळी हाय, एवढाच फरक. कुणाची हाय गं?"

भटजींनी उरलेल्या अक्षता पिशवीत परत टाकल्या. सरपंचाच्या बायकोनं बोटं पदराला पुसली. पुण्याहून कुणी आणली, हे तर मीच घरटी सांगत आले होते. एकेक मान सूनबाईकडे वळायला लागली. तिनं माझा दंड असा धरला, की अजून आठवतो.

"माझी," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"कंबर धरती माझी. म्हणून सूनबाईनं पुण्याहून पट्टा आणलाय. बाशिंग उंदरानं खाल्लं, मंग काय करू? बांधला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या पाच बायका कंबर धरून दारात उभ्या होत्या.

सूनबाई तेव्हापासून दर पोळ्याला येते. बॅग स्वतःच माझ्यापुढं उघडते. थाँगची सगळी विद्या तिनंच मला शिकवली: कुणाची मागची पट्टी दोन बोटं रुंद, कुणाची नुसती दोरी, घट्ट पँटवर खालच्या कपड्याची रेघ उमटत नाही, हा फायदा. तोटा विचारला तर म्हणाली, "सवय लागते, आई."

पुढच्या वर्षी तिनं माझ्या मापाची एक आणली. आता गावभर जी माझी म्हणून सांगितली, ती एकदा तरी घालून पाहायला नको? दार लावून घातली. माजघरातून न्हाणीपर्यंत गेले आणि तशीच परत आले.

मोत्या त्या दिवशी का मान झटकत होता, ते मला तेव्हा कळलं. आणि त्या बिचाऱ्याच्या तर नुसती कपाळावर होती!