शनिवारचं घटस्फोटाचं टेबल

हे किस्से जसे घडले तसेच मला आठवतात का, याची खात्री नाही. तीस वर्षं कायदा शिकवला, पण स्वतःला मी भरवशाचा साक्षीदार मानत नाही. भाईंदरच्या एका वाचनालयात दर शनिवारी सावंत वकीलबाई आणि मी फुकट सल्ला द्यायला बसतो. लोक जास्त करून घटस्फोटाचंच विचारतात. ऐकता ऐकता इतकं साठलंय, की कोणी विषय काढला नाही तरी मी सांगत सुटतो.

*

काशीमीऱ्याचा एक गॅरेजवाला आला. बायको सात वर्षं माहेरी.

"सर, सात वर्षं झाली म्हणजे आपोआप सुटलो ना?"

"आपोआप काही होत नाही. कोर्टात जावंच लागतं."

"असं कसं? सगळे बोलतात, सात वर्षं!"

मी समजावलं, की जोडीदार जिवंत असल्याची सात वर्षं कुठूनच खबर नसेल, तर त्या कारणावर अर्ज करता येतो. तोही करावाच लागतो.

तो विचारात पडला. "खबर तर आहे सर. रोज सकाळी फोन करून शिव्या घालते!"

*

एका जोडप्याने स्टॅम्प पेपरच आणला. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. सावंतबाई म्हणाल्या, "याने घटस्फोट होत नाही."

नवरा चिडला. "मॅडम, आमच्या फ्लॅटचा भाडेकरार असाच झाला!"

"तो पण यांनी रिन्यू केला नव्हता," बायको म्हणाली.

*

एक बाई जाडजूड फाइल घेऊन आल्या. लग्नपत्रिका, फोटो, आधार कार्डं, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत. मुलाचा घटस्फोट हवा होता, तोही संमतीने. मी अर्धा तास सांगत होतो: वर्षभर वेगळं राहणं, अर्ज, मग साधारण सहा महिने थांबणं.

शेवटी विचारलं, "दोघं तयार आहेत ना?"

"त्यांना अजून सांगितलेलं नाही."

*

शनिवारी दिलेला सल्ला मी घरी येऊन पुस्तकांत पुन्हा तपासतो. कधी तीनदा. एकदा आमच्या सौ. म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं हाच विषय वाचताय. काय ते एकदाचं ठरवा!"

*

उत्तनचं एक कोळी जोडपं आलं. वर्षभर वेगळं राहत होतं, दोघंही राजी. सोपं काम. पण बाई सही करेना. त्यांच्यात नवरा मासळी आणतो, बायको विकते. लग्न मोडल्यावर तिनं विकायचं काय?

"सर, बोट लागली की पयली पाटी माझी, ह्ये कागदावर येल काय?"

मी गडबडलो. माझ्या प्रबंधात पोटगी होती, मुलांचा ताबा होता, मासळी नव्हती. म्हटलं, "संमतीच्या अटींत लिहिता येईल, बहुतेक."

नवरा म्हणाला, "लिवा. बोंबलाची पाटी. पापलेट न्हाय."

"पापलेट न्हाय तर सही न्हाय!"

"पापलेट मी डायरेक मार्केटला देनार."

"वीस वर्सं मार्केटला कोन बसली रं? तुझी आई?"

"आईवर जायाचं न्हाय!"

वाचनालयातल्या लोकांनी हातातले पेपर खाली ठेवले. सावंतबाईंनी दोघांना बाहेर पाठवलं. जिन्यात बराच वेळ भांडून ती दोघं परस्पर बसने निघून गेली. पुढे दुसऱ्या वकिलाकडून ठाण्याच्या कोर्टात निकाल झाल्याचं कानावर आलं. पण तिला पाटी मिळाली का? माझ्या अर्धवट उत्तराने तिची रोजीरोटी तर गेली नाही ना? हे मला टोचत राहिलं.

सहा वर्षांनी ती पुन्हा टेबलासमोर उभी राहिली. हातात निकाल, लॅमिनेट केलेला.

"तो दुसरं लगीन करतोय, सर. नवी आली तरी ह्यो कागद चालंल ना?"

मी चष्मा पुसून निकालाला जोडलेल्या संमतीच्या अटी वाचल्या. बोट किनाऱ्याला लागल्यावर पहिली पाटी हिची, पापलेटसह. त्याखाली हाताने वाढवलेली एक ओळ, बाजूला दोघांच्या सह्या: पावसाळ्यात मासेमारी बंद असते ते दोन महिने, हिला सुके बोंबील.

"हे पण तुम्हीच मागितलंत?"

"न्हाय. मी पापलेटच मागितलेली."

मी दोन्ही सह्यांशी अक्षर ताडून पाहिलं. ओळ त्याच्या हातची होती.