बाबांच्या ट्रकची नवी चेसिस

रविवारी सकाळी बाबा आमच्या हिंगणा रोडवरच्या शेडमध्ये आले... न बोलावता, आईच्या स्कूटीवर मागे बसून. मी ट्रकखाली आडवी झाले होते, त्यामुळे आधी फक्त त्यांच्या चपला दिसल्या.

ट्रक बाबांचा. जुना, पुढे लांब नाक असलेला, आता रस्त्यावर दिसत नाही तसला. कन्हानहून कोळसा वाहून त्यांनी आम्हा दोघी बहिणींना शिकवलं, आणि आपली पोरगी या गाडीवर इंजिनिअर झाली हे ते कोणालाही थांबवून सांगतात.

गेली काही वर्षं तो घरामागे नुसता उभा होता. तो पुन्हा चालता करायचा आणि बाबांना त्यात बसवायचं, हे माझं खूळ. बाबाही खूश होते... चेसिसचा विषय निघेपर्यंत.

कॅबिन उतरवली तेव्हा कळलं, चेसिस, म्हणजे सगळी गाडी पेलणारा खालचा लोखंडी सांगाडा, गंजून गेलेली आहे. एका जागी तर स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. ती जागा नेमकी डाव्या पुढच्या चाकाच्या पाट्याजवळ, म्हणजे स्प्रिंगजवळ, सगळा भार तिथेच, त्यामुळे पॅच मारून भागणार नव्हतं. मग जुन्या मॉडेलच्या मापाने बाहेर बनवून मिळते तशी नवी चेसिस मागवली. आरटीओच्या परवानगीसाठी मारलेल्या फेऱ्यांवर वेगळी पोस्ट होईल, ती मी तुमच्यावर लादत नाही.

बाबांना सांगितलं, तर ते जेवता जेवता थांबले. माझ्याशी नाहीच, आईशी बोलले. "कणा बदलल्यावर मानूस तोच राह्यते का? तिले म्हना, ते आता तिची गाडी झाली. माही नाही."

त्यानंतर ते शेडकडे फिरकले नाहीत. मला रागही आला आणि रडूही. त्यात नवी चेसिस सरळपणे बसेल तर शपथ... कॅबिनची भोकं बोटभर सरकलेली. ती मोठी करण्यात आणि वॉशर कोंबण्यात माझ्या सुट्ट्या गेल्या. तुला सून म्हणून आणलंय, जरा जमवून घे, असं मी तिला रोज सांगायचे.

पण एक गोष्ट मी बाबांना सांगितली नव्हती.

दसऱ्याला सगळे ट्रकवाले बोनेटची पूजा करतात. बाबा नाही. ते म्हणायचे बोनेट नुसतं दिसायला असतं, ओझं चेसिस उचलते. मग डाव्या चाकामागे उकिडवं बसून, दरवर्षी त्याच जागी हळद-कुंकू लावायचं आणि नारळ थेट चेसिसवरच फोडायचा. सगळं पाणी तिथे. आणि ते वर्षभर पुसायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. गाडी धुणाऱ्यालाही तिथे हात लावायची मनाई.

कुंकवाचा आणि कोळशाच्या भुकटीचा तिथे जाड थर झाला होता. थराखाली ओल धरून राहिली. बाकी चेसिस वरवर गंजली होती, आरपार खाल्लेली तेवढी एकच जागा... बाबांच्या पूजेची.

आता हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी जुनी चेसिस शेडच्या मागे नेऊन ताडपत्रीने झाकून टाकली. सोमवारी भंगारवाला नेणार होता, की विषय संपला. पण आईच्या पोटात काही राहत नाही. तिने भंगारवाल्याचं सांगितलं, आणि बाबा शेवटचं बघायला आले.

नव्या चेसिसकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ मागे गेले, ताडपत्री ओढली. "काहून झाकून ठेवली वं हे?" मी म्हटलं, ऊन लागू नये म्हणून. इतकं वाईट खोटं मी आयुष्यात बोलले नसेन.

त्यांचा हात न शोधता त्या जागेवर गेला. आणि बोट आत गेलं.

त्यांनी बोट बाहेर काढून त्यावरचा गंज आणि कुंकू पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याच खाल्लं का मंग तिले?"

मी घाईघाईने कोळसा ओला असायचा, पावसात उभी होती, असं काहीबाही सांगत सुटले. त्यांना ते पटत नव्हतं, मलाही नाही. शेवटी आईच म्हणाली, "दरसाली नारळाचं पानी तिलेच पाजलं. मले कधी घोटभर भेटलं नाही."

बाबांचे खांदे हलायला लागले. हसत होते... डोळे पुसत पुसत. मीही तिथेच जमिनीवर बसले आणि दोन्ही केलं.

नंतर ते उठून शेडमध्ये आले. नव्या चेसिसवरून हात फिरवला, मोठी केलेली भोकं पाहिली, माझ्या हातांचे फोड पाहिले. मग आईकडे हात केला. आईने स्कूटीच्या डिकीतून कुंकवाचा करंडा आणि नारळ काढला. ही बाई सगळं ठरवूनच आली होती.

डाव्या चाकामागे, त्याच जागी, बाबांनी कुंकवाचं एक लहानसं बोट लावलं. कोरडं. नारळ हातात घेतला, चेसिसकडे एकदा पाहिलं, आणि चालत पार गेटपर्यंत जाऊन दगडावर फोडला. करवंटीत राहिलेलं पाणी सांभाळत आणून आईला दिलं.

इंजिन अजून बसायचं आहे. तरी ते कॅबिनमध्ये चढून स्टिअरिंग धरून बसले, आणि खिडकीतून मला म्हणाले, "आपल्या गाडीचं ते कुंकू उद्या पुसून टाकजो."

'आपल्या' म्हणाले, हे मी नीट ऐकलं.

आज बुधवार आहे. कापड घेऊन रोज जाते तिथे... अजून मला पुसवलं नाही.