संकासुराचं नमन

मंत्र्यांच्या स्वागताला हातखंबा नाक्यावर नमन या कोकणी लोकनाट्याचे खेळे सकाळपासून उन्हात उभे केले होते. मी तिथे खड्ड्यांविरुद्धची पत्रकं वाटत होतो. त्यांच्यातला काळ्या झग्याचा, उंच टोपीचा संकासूर तेव्हाच मनात बसला.

कार्यकर्ता त्याला म्हणाला, "काका, गण-बिण नको. गाडी आली की नुसते नाचा."

"आधी भुयेला नमन. त्याबिगर पाय उचलायचा नाय."

गाडी आली, मृदंग वाजला. तो मातीला हात लावायला वाकला, तोच मंत्री उतरून नेमके समोर उभे राहिले. वाकलेला प्रत्येक माणूस आपल्याच पाया पडतो, असं या लोकांना वाटतं! त्यांनी पाठीवर हात ठेवून आशीर्वाद दिला. फोटो निघाले.

"मेल्यानं मधीच पाय घातलान," संकासूर पुटपुटला आणि पायातले चाळ सोडायला बसला.

पेपरात छापून आलं, 'लोककलावंत मंत्र्यांच्या चरणी.'