घोंगड्यावर बसल्यावर

वळसंगच्या स्टँडवर एसटी येऊन उभी राहिली, तेव्हा तात्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढून माझ्या ट्रंकेवर ठेवलं. तात्या म्हणजे माझ्या मित्राचे, बिराचे वडील. मेंढरांमागं आयुष्य गेलेला माणूस. "पाद्री व्हायला निगालास. लोकं तुज्यापाशी काय काय सांगत येतील. हे असू दे संगं," एवढंच म्हणाले. माझे वडील, दादा, शेजारी उभे होते. त्यांनी डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं शिंकरलं.

मधली शिक्षणाची वर्षं सोडली तर मी जाऊन जाऊन गेलो कुठं, तर सोलापूरला! लोक अमेरिकेत जाऊन गावाच्या आठवणी लिहितात. मी तासाभरावर राहून लिहितोय. हसा खुशाल. पण माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांना ठाऊक आहे, गाव किती लांब जातं ते. वर्षभरात माझ्या तोंडातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं आणि गावातल्या दान्याचा, म्हणजे माझा, पाळकसाहेब झाला. गावी परतायला एसटीला अजून तेवढाच वेळ लागतो, मला मात्र जास्त लागतो.

तात्यांच्या घरी एक रीत होती. भांडण असो, चोरी असो, घोंगडं अंथरायचं आणि माणसाला वर बसवायचं. घोंगडं त्यांच्या देवाचं, त्यावर बसून खोटं बोलायचं नाही. खरं सांगायचं नसेल तर उठायचं, कुणी अडवणार नाही. बिरानं आणि मी दुसऱ्याच्या शेतातली कलिंगडं फोडली, तेव्हा आम्हीही बसलो होतो. पायांना मुंग्या आल्या, पण उठलो नाही.

शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत खुर्च्या आहेत. काउन्सेलिंगला लोक अपॉइंटमेंट घेऊन येतात. आमच्या चर्चच्या मंडळीतलं एक जोडपं माझ्यासमोर तेलुगूत भांडतं आणि मराठीत समेट करतं. तेलुगू मला कळतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. "ऐकताना घड्याळाकडं बगू नगंस," असं दादा म्हणायचे, ते मी पाळलं. घोंगडं मात्र डांबरगोळ्या घालून कपाटावर ठेवून दिलं होतं.

गेल्या वर्षी दादा गेले. दफनविधी मीच चालवला. आवाज एकदाही कापला नाही. पाळकसाहेब किती खंबीर, असं सगळे म्हणाले आणि मलाही ते बरं वाटलं. पण त्यानंतर एकटा प्रार्थनेला बसलो की शब्दच येईनात. दुसऱ्यांसाठी यायचे, माझ्यासाठी नाहीत. हे काम सोडावं, असं मनात पक्कं होत चाललं. बायकोलाही बोललो नाही. साऱ्या पेठेचं ऐकणाऱ्यानं आपलं सांगायचं कुणाला?

अशात एका दुपारी बिरा आला. बाजाराला आला होता, वाकडी वाट करून डोकावला. चहा पिता पिता त्याची नजर कपाटावर गेली. स्टुलावर चढून त्यानं घोंगडं खाली ओढलं, झटकलं, फरशीवर अंथरलं. डांबरगोळ्या खोलीभर घरंगळल्या.

"बस," म्हणाला. मी बसलो.

"कसा हायस?"

"बरा आहे. देवाची कृपा."

बिरा शांतपणे म्हणाला, "उठ मग."

मी उठलो नाही. "दादा गेल्यापास्नं मला प्रार्थना येत न्हाय, बिरा," म्हणालो आणि दादांसाठी पहिल्यांदा रडलो, अगदी हुंदके देऊन. त्यानं उपदेश केला नाही, त्याला तो येतही नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसून राहिला. दाराशी कुणी आलं, तर बसल्या जागेवरनं ओरडला, "पाळकसाहेब कामात हायत. उद्या या की!"

काम मी सोडलं नाही. प्रार्थना एकदम परतली असंही नाही. येते तुटक तुटक, तीही वळसंगच्या बोलीत. घोंगडं आता खालीच अंथरलेलं असतं. परवा ते तेलुगू जोडपं त्यावर बसलं, तेव्हा मी रीत सांगितली. नवरा उठला, दारापर्यंत गेला, चप्पल पायात घातली, मग काढली आणि परत येऊन बसला.

घर म्हणजे काय, असं पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी दादांचा ओटा सांगितला असता. आता दादा नाहीत, दाराला कुलूप आहे. पण अधूनमधून बिराचा फोन येतो. "कसा हायस?" म्हणतो. मी सवयीनं "बरा आहे" म्हणतो आणि तिकडून लगेच येतं, "उठ मग." तेवढं ऐकलं की मी घरी पोचतो.