मनीमाजऱ्यातलं ओशट स्वयंपाकघर

नव्या क्वार्टरचं स्वयंपाकघर उघडलं आणि तो वास आला. जुन्या तेलाचा, आधीच्या बिऱ्हाडानं मागे ठेवलेला, भिंतीत मुरलेला खवट वास. बदलीच्या नोकरीतल्या माणसांना दुसऱ्यांची घरं वापरायची सवय होते म्हणतात. मला नाही झाली. परक्या घरातल्या नळाला हात लावतानाही माझ्या अंगावर शहारा येतो. ही किळस मला आईकडून आलीय. कुणाला माहेरून पाटल्या मिळतात, कुणाला गोड गळा मिळतो. आमच्या आजोळच्या बायकांना नाक मिळालंय. आई बाहेर खुर्चीत बसलीय, ओटा धुऊन होईपर्यंत तिला आत येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलंय, आणि त्या वासासरशी मला चंदीगडला राहत असतानाचं, जवळच्या मनीमाजऱ्यातलं ते दुसरं स्वयंपाकघर आठवतंय.

त्या मे महिन्यात मामाचा फोन आला होता. "अकरा जण येतोय. चंदीगड बघू, वर पहाडात जाऊ. पण राहायला एकच घर बघ, एकच स्वयंपाकघर असलेलं. हॉटेल नको. हॉटेलात खोलीला कडी घातली की विषय संपला." मामाला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. आई आणि मावशी, त्याच्या दोघी थोरल्या बहिणी, माझ्या भावाच्या लग्नापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. मानपानात काहीतरी बिनसलं, मावशीला पंगतीला बोलवायचं राहून गेलं, आणि ती भरल्या मांडवातून उपाशी निघून गेली. वर्षं सरली, पण माघार कोणी घ्यायची यावर दोघी अडून बसल्या. आता मामाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. "त्याआधी मला ह्या दोघींना बोलताना ऐकायचंय," एवढंच तो म्हणाला.

सेक्टर तीसमधल्या आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं मावणं शक्यच नव्हतं. मग काय, प्रयोगशाळेतून सुटलं की स्कूटर काढायची आणि घरं बघत हिंडायचं. रस्त्यांवर बहावा पिवळाधमक फुललेला, चौक कसे धुऊन ठेवल्यासारखे, आणि त्या देखण्या बंगल्यांच्या पोटात मात्र उकिरडा. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ना, ते हेच. एका तळघरात गाद्यांवर प्लॅस्टिकची खोळ आणि तिच्याखाली परक्या घामाचे पिवळे डाग. एका ठिकाणी कूलरच्या पाण्याला डबक्याचा वास येत होता आणि मालकीणबाईंनी त्यावर गुलाबाचा फवारा मारून ठेवला होता. दोन्ही वास मिळून नाकात गेले तशी मी पुढच्या खोल्या न बघताच बाहेर पडले. एके ठिकाणी साबणाच्या वडीला कुणाचा तरी लांब केस चिकटला होता. तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आणि प्रत्येक दारात उत्तर एकच, "पक्का साफ है जी." माझी मुलगी मागे बसून वैतागायची. "मम्मा, चार दिन की तो बात है, यार." तिला आमचं नाक मिळालेलं नाही, सुटली बिचारी.

शेवटी मनीमाजऱ्याच्या बाजारातल्या एका गल्लीत वरचा मजला मिळाला. मोठा हॉल, मोठं स्वयंपाकघर. मी गेले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि स्वयंपाकघरातला दिवा नेमका गेलेला. "कल बदलवा देंगे जी," मालक म्हणाला. मी दारातूनच अंधारात डोकावले. वास आला, नाही असं नाही. पण दमलेल्या माणसाचं नाकही पड खातं. मी हो म्हणून मोकळी झाले.

मंडळी सकाळच्या गाडीनं आली. हॉलमध्ये आई ह्या भिंतीला टेकली, मावशी त्या. "तिला विचार, पिशवी कुठं ठेवू," आई मला म्हणाली. "सांग तिला, माझी मी ठेवीन," मावशी म्हणाली. मामा मध्ये बसून आळीपाळीनं दोघींकडे बघत होता. मग आई चहा टाकायला आत गेली, तिनं नवा दिवा लावला, आणि बराच वेळ आतून कपबशीचाही आवाज आला नाही.

मी दारात गेले. शेगडीभोवती तेलाचा काळा राप, ओट्याच्या फटीत शिजलेल्या डाळीला आलेली बुरशी, मोरीच्या जाळीत फुगून बसलेला भात, फळीवरच्या कागदाखालून पळणारी झुरळं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. आईनं फळीवरून बोट फिरवलं होतं. ते काळं, चिकट बोट तिनं मागे न बघताच बाजूला धरलं. "बघ. ह्यात माणसं रांधतात म्हणे."

मी दारातच खिळले होते. मला ओलांडून, पदरानं नाक दाबत मावशी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिनं ते बोट पाहिलं आणि असा चेहरा केला की तसा फक्त आमच्या आजोळीच होतो. "शी," ती म्हणाली. "म्हैससुद्धा तोंड लावायची नाही. ताई, तू हो बाजूला, तुझे गुडघे आहेत. पाणी तापत ठेव."

'ताई' ऐकलं तसा मामा हॉलमध्ये उठून उभा राहिला. त्यानं चपला घातल्या आणि साबणाची पावडर आणायला खाली गेला.

दुपारपर्यंत दोघी घासत होत्या. ज्या बाईचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्या मालकिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग ओघानं जुन्या घाणी निघाल्या, कुठल्या धर्मशाळेतली मोरी, कुठल्याशा काकूंच्या ताकातली माशी. कढई घासता घासता मावशी म्हणाली, "तुझ्या लेकाच्या लग्नातला आचारी आठवतो? ज्या हातानं घाम पुसायचा त्याच हातानं लाडू वळायचा." आईचा हात थांबला. लग्नाचं नाव दोघींमध्ये पहिल्यांदाच निघालं होतं. मावशी कढईतून वर न बघता म्हणाली, "बरंच झालं, मी जेवले नाही ते." आई आधी हसली, मग ओट्याला धरून रडायला लागली. मावशी तिचे डोळे पुसायला गेली, तर आई रडता रडताच म्हणाली, "आधी हात धू."

संध्याकाळी मालक डोकावून गेला. "वाह जी, चमका दिया," म्हणाला, आणि त्याला लाज म्हणून कशी ती वाटली नाही. पहाडात आम्ही काय पाहिलं ते आता कुणालाच धड आठवत नाही. माणसं प्रेमानं जवळ येतात असं आपण म्हणतो, आणि येतही असतील. पण एकाच गोष्टीची दोघींना एकसारखी शिसारी यावी, ह्याहून सख्खं असं मी अजून काही पाहिलेलं नाही. मामाचं ऑपरेशन नीट झालं, तो अजून खणखणीत आहे. गेली ती मावशी, गेल्या हिवाळ्यात.

एवढ्यात इथे, ह्या नव्या स्वयंपाकघरात, आई आत आलीच. ती कुणाचं ऐकणार. तिनं खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि न बघता बाजूला धरलं. बाजूला कोणी नव्हतं. बोट तसंच राहिलं. मी हातातलं फडकं टाकून तिच्याजवळ गेले, बोट पाहिलं आणि जमेल तेवढं तोंड वाकडं करून म्हणाले, "शी."

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुला नाही जमत तिच्यासारखं," ती म्हणाली. "पाणी तापत ठेव."